नऊ नंबरची स्थळं

लग्न जमावं म्हणून लोक सोमवार धरतात, गुरुजींना गाठतात, ग्रहांच्या शांती करतात. मी वेब फ्रेमवर्क शिकलो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी स्वतःचंच इतकं हसं करून घेणार आहे की तुमच्या हसण्याला जागा उरणार नाही.

माझं नाव सलिल. वय एकोणचाळीस. माळनाक्याला माझं प्रिंटर-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. संगणकाचं मी कुठल्याही कॉलेजात शिकलेलो नाही आणि जे शिकलेत त्यांचे लॅपटॉप माझ्याकडेच दुरुस्तीला येतात, एवढं सांगून तो विषय संपवतो. सात वर्षांपूर्वी आईने माझं नाव झाडगावातल्या 'सप्तपदी वधूवर सूचक मंडळा'त घातलं. पहिल्या वर्षी तीन स्थळं पाहिली. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी हार्मोनियमवर गाणं म्हटलं आणि कसं वाटलं विचारलं. विचारलं म्हणून मी सांगितलं. बाकी दोन ठिकाणी काय झालं तेही असंच किरकोळ होतं. त्यानंतर सहा वर्षं मंडळाकडून एक फोन नाही, एक फोटो नाही. आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुली संपल्या असं मानायला मी तयार नव्हतो. याचा अर्थ दोष यंत्रणेत होता.

मंडळ म्हणजे दोन खोल्या, एक पंखा आणि दमयंतीकाकू. चाळीस वर्षं त्या लग्नं जमवतायत. त्यांचे यजमान गोपाळकृष्णकाका टेलिफोन खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झाले आणि सत्त्याण्णव साली त्यांनी स्वतः पुस्तकं वाचून मंडळाचा डेटाबेस तयार केला. पुढे मुंबईच्या भाच्याने तो नव्या यंत्रावर आणून ठेवला, पण आतलं एक पानही हलवलं नाही. स्थळ शोधायचं म्हणजे काकूंनी काकांना सांगायचं, काकांनी चष्मा बदलायचा, आणि काळ्या पडद्यावर काहीतरी बडवायचं. साडेतेवीसशे माणसांची लग्नं त्या एका चष्म्यावर अवलंबून.

मी सरळ जाऊन म्हटलं, "काकू, हे ऑनलाइन करू या. फुकट करून देतो. जुना डेटाबेस तसाच ठेवायचा, त्याला वरून फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, जोडायचा. लोक घरबसल्या स्थळं बघतील."

"आणि तुला काय हवं?" काकूंनी विचारलं. चाळीस वर्षं लग्नं जमवणारी बाई. फुकट या शब्दाने ती फसत नाही.

"माझं स्थळ पहिल्या पानावर."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

"बरं," काकू म्हणाल्या. "अक्षय्य तृतीयेला मंडळाचा स्नेहमेळावा आहे. तेव्हा चालू करून दाखव. चाललं तर पहिल्या पानावर तू."

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "दुसरं काही नको, तिथे कोणाशी वाद घालू नकोस हां."

मी कधी घालतो?

पहिली अडचण पासवर्ड. तो फक्त काकांना ठाऊक. काका म्हणाले, तो देण्याचा अधिकार मला नाही, कार्यकारिणीला आहे. इतिवृत्ताची वही काढली. दोन हजार नऊ सालचा ठराव सापडला: 'संगणकाचा पासवर्ड आहे तोच ठेवावा असे सर्वानुमते ठरले.' कुठला आहे ते लिहिलेलं नव्हतं. नवा ठराव करायचा तर सात सदस्यांपैकी चार हजर हवेत. दोघं वारलेले, एक पुण्यात मुलाकडे, आणि एक आंब्याच्या दिवसांत देवाच्या सभेलाही यायचा नाही. उरले तीन. शेवटी पुण्याच्या सदस्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांना आमचा आवाज ऐकू येत नव्हता, पण आम्ही हात वर केल्यावर त्यांनीही केला. ठराव मंजूर.

तरी काका पासवर्ड सांगेनात. "मी टाईप करतो, तू भिंतीकडे बघ." मी भिंतीकडे बघितलं. काकांनी माझ्या सेटिंगच्या फाईलमध्ये एका बोटाने पासवर्ड टाकला आणि विजयी मुद्रेने उठले. ती फाईल माझ्याच लॅपटॉपवर होती हे त्यांच्या गावीही नव्हतं. उघडून पाहिलं तर काकूंचं माहेरचं नाव आणि लग्नाची तारीख.

"बघितलंस ना मेल्या?" काका म्हणाले.

"बघितलं."

"नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? बरं, तिला सांगू नको. तारीख विसरू नये म्हणून ठेवलाय. रोज टाईप करावी लागते."

जुना डेटाबेस नव्या फ्रेमवर्कला जोडायची एक आज्ञा असते. ती दिली की फ्रेमवर्क जुनी टेबलं वाचतो आणि आपल्या भाषेत त्यांचं वर्णन लिहून काढतो. वर स्पष्ट नमूद करतो की, या टेबलांचा मालक मी नाही, मी यांत फेरफार करणार नाही. हे मी काकांना समजावलं. काका खूश झाले. "सगळं बघणार, पण हात लावणार नाही. जावई असाच असायला हवा."

आज्ञा दिली. फ्रेमवर्कने टेबलं वाचली आणि कॉलमची नावं छापली: क एक, क दोन, क तीन, असे थेट क सत्तावीसपर्यंत. कुठे जन्मगाव, कुठे उंची, कुठे गोत्र, कशाचा पत्ता नाही. सगळा अर्थ काकांच्या डोक्यात. मग मी रोज दुपारी वही घेऊन बसायचो आणि काका सांगायचे. सात म्हणजे रास. बारा म्हणजे चष्मा आहे का. अठरा म्हणजे मुंबईला जायची तयारी. एकोणीस म्हणजे मुंबईहून परत यायची तयारी.

"सव्वीस?" त्यात नुसते आकडे होते, शून्य ते नऊ.

"तो दमयंतीचा. तिला विचार."

काकूंना विचारलं. "अरे, ते आमचं आपलं असतं काहीतरी," असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. चहा आमच्यासमोर ठेवलेलाच होता.

"आणि सत्तावीस?" त्यात लांबलचक मजकूर होता, पण जुन्या फाँटमधला. त्या काळी मराठीसाठी जे फाँट वापरायचे ते आता कुठल्याच यंत्राला ओळखता येत नाहीत, त्यामुळे पडद्यावर नुसत्या परदेशी खुणांची रांगोळी दिसते.

"तो आमचा."

"आमचा म्हणजे?"

"म्हणजे तुझा नाही."

असेल कौटुंबिक माहिती, म्हणून मी वहीत तसं लिहून टाकलं.

मग फ्रेमवर्क अडून बसला. त्याला प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र क्रमांक हवा असतो, आणि काकांच्या टेबलात क्रमांकच नव्हता. काका माणूस ओळखायचे आडनाव, गाव आणि नक्षत्रावरून. "साडेतेवीसशे माणसं मी नावानं ओळखतो," ते गरजले, "तुझ्या यंत्राला नंबर कशाला? तुरुंग आहे काय?" क्रमांकाचा कॉलम वाढवायचा म्हणजे टेबलात फेरफार, म्हणजे पुन्हा कार्यकारिणी, पुन्हा पुण्याचा हात. त्या सभेत दीड तास एकाच मुद्द्यावर गेला: क्रमांक एक कोणाला द्यायचा? कोणालाही दिला तरी दुसऱ्याचे मामा भांडायला येणार. शेवटी ठरलं, सुरुवात एकशे एकपासून करावी. शुभ आहे आणि पहिलं कोणीच नाही. मी म्हटलं, एकशे एकवालाच पहिला ठरतो. सभेने इतिवृत्ताची वही पुन्हा चाळली. मग अध्यक्ष म्हणाले, "सलिल, तू सदस्य नाहीस, तू बोलू नको."

हा एकशे एक नंबरच पुढे नडला. त्या ओळीत जन्मतारीख होती शून्य शून्य शून्य. दिवसही शून्य, महिनाही शून्य, सालही शून्य. ती ओळ आली की फ्रेमवर्क लाल अक्षरांत कोसळायचा. मी म्हटलं, "काका, ही कचरा ओळ काढून टाकतो."

काका खुर्चीतून उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस इतक्या वेगाने उठलेला मी पाहिला नव्हता. "त्या ओळीला हात लावायचा नाही. आणि जन्मतारीख विचारायची नाही."

मी हात लावला नाही. फक्त एक अट लिहिली, की जन्मतारीख शून्य असेल ती ओळ दाखवू नये. फ्रेमवर्क गपचूप चालू लागला आणि मी त्या ओळीला विसरलो.

आमच्या वरच्या मजल्यावर नितेश राहतो. जयगडच्या बंदरात क्रेनवर आहे, आणि क्रेन सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर सल्ला देतो. तो आला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फ्रेमवर्क बदल."

"का?"

"मला नाय आवडला."

मग त्याने सव्वीसव्या कॉलमवर बोट ठेवलं. "हे मार्क हायत भावा. दहापैकी. शून्य म्हणजे ढ, नऊ म्हणजे टॉप. दहा कोणालाच नाय, कारण दहा म्हणजे देव. तुझे किती?"

मी जन्मतारखेवरून माझी ओळ काढली. नऊ.

मला खोटं नाही बोलता येत, त्या दिवशी मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं आणि मांडवीच्या बंदरावर जाऊन उभा राहिलो. साडेतेवीसशे माणसांत नऊ मार्क फक्त अकरा जणांना, आणि त्यांतला एक मी. सहा वर्षं मला स्थळ का आलं नाही ते आता कळलं. माझ्या तोडीची मुलगीच मिळत नव्हती! काकू बिचाऱ्या संकोचाने सांगत नव्हत्या.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "नऊ? तुला?" आणि भाजी परतायला लागली. सख्खी आई.

मग मी ते केलं ज्यासाठी मला आजही झाडगावातून जाताना मान खाली घालावी लागते. पहिल्या पानाला नाव दिलं 'विशेष स्थळे', आणि त्यावर नऊवाली अकरा माणसं लावली. सगळ्यांत वर मी. त्या अकरा जणांची नावं जुन्या फाँटमधून वाचण्यापुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्यांचे फोन नंबर काढले, आणि एकेकाला फोन करून स्नेहमेळाव्याचं आमंत्रण दिलं. सन्माननीय पाहुणे म्हणून. काकूंना न सांगता. सुखद धक्का द्यायचा होता.

दहापैकी नऊ जणांनी येतो म्हटलं. दहावी चिपळूणची योगिनी. माध्यमिक शाळेत गणित शिकवते.

"विशेष म्हणजे काय? निकष काय?" तिने विचारलं.

"उच्च दर्जा."

"दर्जा कोणी ठरवला?"

"मंडळाने."

"कशावरून?"

"ते गोपनीय आहे."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही."

मी फोन ठेवला. नऊ मार्क हिला कोणी दिले, असा प्रश्न मला पडला. माझ्याबद्दल हाच प्रश्न पडायला हवा होता, पण पडला नाही.

अक्षय्य तृतीयेला मंडळाच्या दोन्ही खोल्यांची दारं काढून हॉल केला होता. कोकम सरबत, पन्हं, बटाटेवडे. दीडशे माणसं, पैकी शंभर आईबाप. भिंतीवर पांढरं धोतर ताणून पडदा केला होता आणि माझ्या दुकानातला प्रोजेक्टर लावला होता. पहिल्या रांगेत माझे सन्माननीय पाहुणे. काकूंनी दारातून त्या रांगेकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं वड्यांचं ताट तिरकं झालं.

"सलिल," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे सगळे एका वेळी इथे कसे?"

"मी बोलावले!"

"एकत्र?"

मी हात वर करून त्यांना आश्वस्त केलं आणि माईक घेतला. माझी एक हौस होती. पडद्यावर आधी जुन्या फाँटमधली रांगोळी दिसावी, मी एक बटण दाबावं, आणि सगळं एकदम शुद्ध मराठीत उमलावं. म्हणून मी नावांसाठी लिहिलेला प्रोग्राम सकाळी सगळ्या कॉलमांना लावून ठेवला होता. सगळ्या म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस. तपासून बघायला वेळ नव्हता, इस्त्री करायची होती.

"आता बघा," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

नावं उमलली. टाळ्या पडल्या. गावं उमलली, नक्षत्रं उमलली. मग उजवीकडचा शेवटचा कॉलम उमलला. टाळ्या एकेक करून थांबल्या, कारण लोक वाचायला लागले होते.

पहिली ओळ माझी. सव्वीस: नऊ. सत्तावीस: 'खरं बोलतो. दोनदा समजावून पाहिलं. हार्मोनियमवाल्यांनी अजून पेटी उघडलेली नाही. कुठेही दाखवू नये.'

दीडशे माणसं एकदम हसली तर पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. पंखा चालूच होता.

मी बंद करायला गेलो, तर घाईत खाली सरकवलं. दुसरी ओळ, जयगडची गुणवंती, वडिलांचा मासळीचा धंदा सांभाळते: 'होणाऱ्या सासूला तोंडावर म्हणाली, सुरमई शिळी आहे. (शिळी होती.) दाखवू नये.' तिसरी, मंडणगडचा सूरज, गुरांच्या दवाखान्यात काम करतो: 'मुलगी बघायला गेला, गोठा बघून आला. म्हणाला गाय हुशार वाटली. दाखवू नये.' चौथा केतन: 'पत्रिका छत्तीसपैकी तेहतीस जुळली. म्हणाला, माझी पत्रिका वडिलांनी सोयीची बनवून घेतलीय.'

केतनचे वडील हॉलमध्येच होते.

"काय ओ काकू," गुणवंती उभी राहिली, पदर खोचलेला, "सहा वर्षं मी वाट बघत्ये, आणि तुम्ही मला लपवून ठेवल्यात? शिळी व्हती ना? लिवलंय ना तुम्हीच, शिळी व्हती म्हणून!"

"तेच म्हणत्ये मी गो," काकू म्हणाल्या, "पण सांगायचं कशाला?"

"मग काय खायची?"

सूरजही उठला. "गाय हुशारच होती. मी काय चुकीचं बोललो?" गुणवंतीने त्याच्याकडे वळून बघितलं. "मुलीच्या घरी जाऊन गायीचं कौतुक केलंस? मेल्या, तुला तर दारातच अडवायला हवा होता." "ताई, तुम्ही ती गाय बघितलेली नाही," सूरज म्हणाला. दोघांची तिथेच जुंपली. पलीकडे केतन आणि त्याचे वडील. मागे हार्मोनियमवाले. होय, तेही आलेले होते, दुसऱ्या मुलीसाठी. ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "मी अजून उघडली नाही." सगळा हॉल पुन्हा हसला, आणि मी पहिल्यांदाच त्या माणसाकडे नीट पाहिलं. सहा वर्षं. माझ्या एका वाक्यावर.

माझी आई कोकम सरबताचा ग्लास घेऊन शांत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं की, नऊ म्हटल्यावरच मला संशय आला होता.

माझं काय गेलं? पहिलं पान गेलं, अब्रू गेली, आणि लग्नाची उरलीसुरली आशा दीडशे साक्षीदारांसमोर गेली. पण सगळ्यांत जास्त राग कशाचा आला सांगू? शेऱ्यात एक शब्द खोटा नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "निकष कळला एकदाचा."

योगिनी, फोनवर हो न म्हणताही आलेली. तिने चष्मा वर केला आणि धोतराकडे बोट दाखवलं. "माझी ओळ कुठे आहे? खाली घ्या."

खाली घेतली. 'गेली त्या घरी चहाला पाणचट म्हणाली, मुलाच्या पगाराच्या आकड्यात बेरजेची चूक काढली. दाखवू नये.'

"चूक होतीच," ती म्हणाली. "आणि तुमचं हे पान मला आवडलेलं नाही. गुलाबी रंगाने मळमळतं. अक्षर बारीक आहे. शिवाय तुम्हाला विशेष म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि तुम्ही फोन आपटलात."

"फोन ठेवला. आपटला नाही," मी म्हटलं. "आणि रंगाचं तुम्हाला काय कळतं? फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिणारी माणसं तुम्ही."

"फळ्यावरचं मागच्या बाकाला दिसतं. तुमचं पहिल्या रांगेला दिसत नाहीये."

ते खरं होतं. मी अक्षर मोठं केलं. तिने मान हलवली. "आता बरं."

काकू खुर्चीवर बसल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मेळाव्यात बसल्या म्हणे. डोळ्यांत पाणी. "मी काय तुमचं वाईट चिंतलं का रे? स्थळ मोडलं की दोन घरं मोडतात. तुम्ही असं बोलता, मला भीती वाटते. म्हणून नऊ. नऊ म्हणजे वाईट नव्हे. नऊ म्हणजे माझ्याच्याने झेपायचं नाही."

सगळे काकूंकडे वळले. भांडणारेही.

तेव्हा गोपाळकृष्णकाका पुढे आले. त्यांनी चष्मा बदलला. "सलिल, एकशे एक दाखव."

"काका, ती ओळ कोसळते."

"कोसळू दे. दाखव."

मी अट काढली, जन्मतारखेचा रकाना तेवढा नुसता मजकूर म्हणून वाचायला लावला, आणि ओळ उघडली. सत्त्याण्णव सालची, डेटाबेसमधली पहिली नोंद. नवीन डेटाबेस केला की चालतो का बघायला कोणीही एक ओळ भरतोच. काकांनीही भरली होती. नाव: दमयंती. जन्मतारीख: सांगत नाही, म्हणून शून्य. सव्वीस: नऊ. सत्तावीस: 'खरं बोलते. मी केलं लग्न. अजून जिवंत आहे.'

 मग हार्मोनियमवाले हसले, पहिल्यांदा तेच, आणि मग सगळे. काकूंनी काकांकडे पाहिलं. "सत्त्याण्णवपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला कधी दाखवलं नाहीत?"

"तू खरं बोलली असतीस."

काकूंनी पदराने डोळे पुसले, वड्यांचं ताट माझ्या आईच्या हातात दिलं, आणि पहिल्या रांगेकडे बघायला लागल्या. एकेकाकडे. गुणवंती सूरजला गाय म्हणजे काय आणि सुरमई म्हणजे काय यातला फरक समजावत होती आणि तो न ऐकता हसत होता. केतनला त्याचे वडील समजावत होते, ते सोडा. आणि मी? मी योगिनीला सांगत होतो की, गुलाबी नाही, तो डाळिंबी आहे, आणि ती मला सांगत होती की मी डोळे तपासून घ्यावेत.

"अहो," काकूंचा आवाज आला, चाळीस वर्षांचा सराव असलेला, "पेन द्या."

हार्मोनियमवाल्यांची मी त्याच संध्याकाळी माफी मागितली. त्यांनी पेटी उघडली आणि मला एक गाणं ऐकवलं. कसं वाटलं, त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. "सुरात नव्हतं," मी म्हटलं, "पण मागच्या वेळेपेक्षा बरं." ते म्हणाले, "हे चालेल."

साइट आता चालू आहे. सत्तावीसवा कॉलम बंद आहे. त्यासाठी तिसरा ठराव झाला आणि पुण्याचा हात पुन्हा वर गेला. पहिल्या पानाचा रंग पांढरा आहे, कोणाच्या सांगण्यावरून ते विचारू नका. दर रविवारी मी चिपळूणला जातो, आणि चहा पाणचट असेल तर तसं सांगतो. ती दुसरा करते, किंवा मला करायला लावते.

परवा काकांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांच्याऐवजी मी डेटाबेस उघडला. पासवर्ड माझ्याकडे आहेच. माझ्या ओळीत सव्वीस बदललेला नाही, नऊच. जुना शेराही पुसलेला नाही. काका काही पुसत नाहीत. फक्त त्याच्या पुढे, त्यांनी एका बोटाने टाईप केलेलं, नवीन वाक्य होतं:

'दोघं भांडतायत. मध्ये पडू नये.'